नगरच्या किल्ल्यातली चिमणी आणि नाथसागरचे पाहुणे

मार्च महिना आला की उर्दूच्या तासाला मी मौलाना आझादांची 'चिडिया चिडे की कहानी' वाचून दाखवते. अभ्यासक्रमात असो किंवा नसो. कारण साधं आहे. ही कहाणी आपल्या जिल्ह्यात घडली, नगरच्या भुईकोट किल्ल्यात, आणि लिहिली गेली तीही मार्च महिन्यातच. पाथर्डीहून नगरला बाजारहाटाला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला जाणारी आमची माणसं त्या किल्ल्याजवळून शेकडो वेळा गेलेली असतात. पण तिथे एका मौलानांनी चिमण्यांशी लढाई केली आणि ते ती हरले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वी वाचन संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "आपा, मौलाना आझादीसाठी जेलमध्ये गेले होते ना? मग चिमण्यांवर का लिहीत बसले?"

वर्ग हसला, मीही हसले. तास संपला, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. खरंच, का लिहीत बसले? देश पेटलेला, हजारो लोक तुरुंगात, आणि काँग्रेसचा अध्यक्ष चिमणीने घरट्यात किती काड्या आणल्या ते बघतोय. त्या मुलाला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेलं उत्तर आहे.

किल्ल्यातली लढाई

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी रेल्वेने त्यांना नगरला आणलं गेलं. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आपले शंकरराव देव असे एकूण बारा जण आणि त्यांचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. सुरुवातीला त्यांना पत्र लिहायला, वर्तमानपत्र वाचायलाही परवानगी नव्हती. नेहरूंनी पुढे याच किल्ल्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलानांनी पत्रं लिहिली. ती त्यांचे मित्र नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावाने होती, पण पोस्टात कधी पडली नाहीत. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपात आली. उर्दू गद्यात या पुस्तकाचं स्थान काय आहे हे उर्दू वाचणाऱ्यांना सांगायला नको. मराठी वाचकांसाठी एवढंच सांगते की ज्याने हे पुस्तक वाचलं नाही, त्याचं उर्दू वाचन अपुरं समजलं जातं.

त्यातली तीन पत्रं पक्ष्यांवर आहेत. एक कावळ्यांवर आणि बुलबुलांवर, दोन चिमण्यांवर. तिन्ही मार्च १९४३ मधली. मौलानांच्या खोलीचं छत जुनं, लाकडी वाशांचं. चिमण्यांनी तिथे घरटी करायला घेतली. दिवसभर डोक्यावर, कागदांवर, चहाच्या सामानावर काड्या-कचरा. मौलाना शिस्तीचे माणूस, पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चहा करणारे. त्यांनी आधी चिमण्यांना हाकलून पाहिलं. चिमण्या बाहेर गेल्या आणि परत आल्या. पुन्हा हाकललं, पुन्हा आल्या. शेवटी मौलानांनी तह केला. तांदळाचे दाणे टाकायला लागले, रोज थोडे जवळ. काही दिवसांत चिमण्या हातातून दाणे खाऊ लागल्या, खांद्यावर बसू लागल्या. मौलानांनी त्यांना नावंही ठेवली. कोणी मोती, कोणी कलंदर, कोणी मुल्ला. मुल्ला का, ते ज्याने मूळ वाचलंय त्याला ठाऊक आहे. मौलानांची थट्टा फार बारीक असायची.

मग पिल्लू येतं. ते उडायला घाबरतं. आई त्याला उडायला लावायचा प्रयत्न करते, ते जमिनीवर मलूल बसून राहतं. आणि एका क्षणी, बाहेरून काहीही बदललेलं नसताना, ते भुर्रकन उडतं. पंख आधीही होते, हवा आधीही होती. आतून काहीतरी जागं व्हायचं राहिलं होतं, तेवढंच.

तुरुंगातल्या, गुलाम देशातल्या माणसाने हे लिहिलंय हे लक्षात घेतलं, की माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. मौलाना चिमण्यांवर लिहीत होते आणि देशावरही लिहीत होते.

पण हे अर्धंच उत्तर आहे. ही पत्रं लिहिली जात असताना कलकत्त्यात त्यांच्या बेगम, झुलेखा, आजारी होत्या. ९ एप्रिल १९४३ ला त्यांचं निधन झालं. बायकोला शेवटचं भेटायचं असेल तर सरकारकडे अर्ज करता येईल, असं मौलानांना सुचवलं गेलं होतं. त्यांनी इंग्रज सरकारकडे मागणं मागायला नकार दिला. म्हणजे चिमण्यांची पत्रं आणि ही मरणवार्ता यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार आठवडे आहेत. ज्या काळजीबद्दल कुणाशी बोलता येत नव्हतं त्या काळजीच्या दिवसांत हा माणूस छताकडे बघत होता. बघण्याने दुःख जात नाही. पण माणूस मोडत नाही, एवढं मात्र होतं. आमच्या घरात अब्बांच्या शेवटच्या आजारात मी हे अनुभवलंय. त्यांच्या खाटेवरून खिडकीतलं लिंबाचं झाड दिसायचं. त्यावरच्या होल्यांच्या जोडीचा हिशेब ते मला रोज संध्याकाळी द्यायचे.

हलाल की नाही?

आता दुसरी चिमणी. हिचं गाव मुंबई, खेतवाडी.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. वडील आणि आई दोघेही ते अगदी लहान असताना गेले. घरातलं हे शेंडेफळ मामांनी वाढवलं. मामा म्हणजे अमीरुद्दीन तय्यबजी. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्यांची बंदूक आणून दिली आणि भाचा चिमण्या मारू लागला. घरी रीतसर हलाल करून त्या खाल्ल्याही जात.

त्या वयातही हा मुलगा नुसता मारत नव्हता, टिपून ठेवत होता. तबेल्यातल्या एका घरट्याबाहेर पहारा देणारा नर त्याने मारला, तर थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. तोही मारला, तर तिसरा. आठवड्याभरात आठ नर गेले आणि मादीला दर वेळी नवा जोडीदार मिळाला. लहान मुलाची ही नोंद पुढे साठ वर्षांनी छापली गेली. वाचताना अंगावर काटा येतो, पण निरीक्षण अचूक आहे.

मग १९०८ च्या सुमारास एक चिमणी पडली जिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पाहिली नव्हती. घरात प्रश्न उभा राहिला की ही हलाल समजायची की नाही? खाता येईल का? मामांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे. मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखली, मग एकेक कपाट उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. दाराशी घाबरत आलेला मुलगा बाहेर पडला तो वेगळाच होऊन.

विचार करा. भारताच्या पक्षीशास्त्राचा सगळ्यात मोठा माणूस एका शरई प्रश्नातून घडला. आपल्याकडे हलाल-हरामचा प्रश्न आला की बहुतेकदा दार बंद होतं. इथे मामांनी 'माहीत नाही' म्हटलं आणि मुलाला माहीत असणाऱ्याकडे पाठवलं. शिक्षिका म्हणून मला या गोष्टीतला खरा नायक मामाच वाटतो.

सलीम अली धार्मिक माणूस नव्हते, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही. त्यांना 'मुस्लिम शास्त्रज्ञ' म्हणून चौकटीत बसवायची मला घाई नाही. ज्या संस्थेने त्यांना घडवलं ती १८८३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे, दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. इंग्रज, मराठी, बोहरा, पारशी अशा सगळ्यांच्या हातांतून हे काम पुढे गेलंय.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे कधी कधी असा सूर असतो की पक्षी-बिक्षी बघणं हे रिकामटेकड्यांचं काम, आपल्या परंपरेत ते बसत नाही. कुरआनात हुदहुद सुलेमान अलैहिस्सलाम यांना सबाच्या राणीची खबर आणून देतो आणि मेलेल्या भावाला पुरायचं कसं, हे आदमच्या मुलाला कावळ्याकडून शिकावं लागतं, हे आपण मुलांना मकतबात सांगतोच. बादशहा जहांगीरने पाळलेल्या सारसांच्या जोडीचं नाव लैला-मजनू ठेवलं होतं आणि त्यांनी अंडी कशी उबवली याच्या बारीक नोंदी आपल्या आठवणींत केल्या. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेला सायबेरियन क्रौंच आजही अभ्यासक बघतात. याच जहांगीरने आपल्या नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या तुटलेल्या मुंडक्यावर घुबड बसलंय आणि आपण त्यावर बाण मारतोय, असंही चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही. म्हणजे पक्षी बघणारा माणूस आपोआप भला होतो असंही नाही. सलीम अलींनी १९२०च्या दशकात मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली, तेव्हा त्यांना ही परंपरा चांगली ठाऊक होती.

किहीमचा पावसाळा

१९३० मध्ये सलीम अली बर्लिनहून परत आले. तिथे एर्विन स्ट्रेसेमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाकडे ते शिकले होते. पण विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी पैशांअभावी बंद झाली होती. वय चौतीसच्या आसपास, हाती काम नाही. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरी राहायला गेले. बायको तहमीना. ती खंबीर नसती तर पुढचे सलीम अली झाले नसते.

त्या पावसाळ्यात घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळच वेळ. ते रोज बसून बघत राहिले. त्यातून जे निघालं ते १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं आणि त्यांचं नाव झालं.

काय निघालं? घरटं विणतो तो नर. अर्ध्यापर्यंत विणून तो थांबतो. मग माद्या येतात, घरटी तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथे राहते, नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत नाही पडलं तर त्याची सगळी मेहनत तशीच लोंबकळत राहते.

आता मी मराठीही शिकवते, त्यामुळे माझी अडचण बघा. बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेत पिलांसाठी घर टांगते ती सुगरण, म्हणजे आई. आणि इथे विज्ञान म्हणतं विणकर बाप आहे. मुली विचारतात, "मग बहिणाबाई चुकल्या का?" मी सांगते, बहिणाबाईंनी शेतातून जे पाहिलं ते खरं पाहिलं. चोच हेच हत्यार, त्यातून एवढी कारागिरी. फक्त त्या चोचीचा मालक कोण, हे कळायला कुणीतरी पावसाळाभर एका जागी बसावं लागलं. उर्दूत या पक्ष्याला 'बया' म्हणतात आणि तो पुल्लिंगी आहे. उर्दूचं व्याकरण इथे योगायोगाने जिंकलं.

पुढचं थोडक्यात. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. १९३९ मध्ये तहमीना गेल्या, त्यानंतर त्यांनी लग्न केलं नाही. डिलन रिप्ले यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ केला. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. २० जून १९८७ ला ते गेले. आत्मचरित्राच्या नावात त्यांनी चिमणीच ठेवली.

नाथसागर, बारा महिने

पाथर्डी हे पाण्याचं गाव नाही. गर्भगिरीच्या डोंगरांखाली आमचा तालुका आहे आणि उन्हाळ्यात टँकर आमच्या ओळखीचा. पण शेवगाव ओलांडून तासा-दीड तास गेलं की समुद्र लागतो. नाथसागर. पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी आपल्या शेवगाव-नेवासा तालुक्यांतही पसरलेलं आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये लोकार्पण. शंभराहून जास्त गावांची जमीन पाण्याखाली गेली. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच पाण्याला पक्षी अभयारण्य घोषित केलं गेलं.

मी आणि माझे मिस्टर मोटारसायकलवर तिथे जायला लागलो त्याला आता सात-आठ वर्षं झाली. दुर्बीण नंतर आली, आधी नुसतेच डोळे. बुरख्यातली बाई काठावर उभी राहून दुर्बिणीतून बघतेय म्हणून सुरुवातीला मासेमारी करणारे भोई बांधव थांबून बघायचे. आता तेच सांगतात, "आपा, आज पलीकडच्या अंगाला थवा उतरलाय."

वर्ष सुरू होतं जूनमध्ये. वळवाच्या आधी-नंतर चातक येतो, आफ्रिकेकडून, वाऱ्याबरोबर. इथे पाऊस पडो न पडो, नाशिककडे पडला की गोदावरी फुगते आणि नाथसागर वाढतो. भाद्रपदात नुसतं पाणी असतं, काठ बुडालेले, पक्षी कमी. खरी गंमत दिवाळीच्या आसपास सुरू होते. उत्तरेतून बदकं येतात. शेपटी टोकदार ते तलवार बदक, चोच पसरट ते थापट्या. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी शेकड्यांनी एकत्र चालतात. मराठीत त्यांना वारकरी म्हणतात. आपल्याकडचंच एक बदक आहे, त्याच्या चोचीवर पिवळा आणि लाल रंग असतो म्हणून त्याचं नाव हळदीकुंकू. अशी नावं ज्यांनी ठेवली ती माणसं कुठल्या विद्यापीठात गेली नव्हती.

आणि सुर्खाब येतात. नारिंगी अंगाचं, जोडीने राहणारं मोठं बदक. उर्दूत कुणी फार मिजास केली तर विचारतात, तुझ्यात काय सुर्खाबचे पर लागलेत? हेच मराठी-संस्कृत कवितेतलं चक्रवाक, रात्री जोडीदाराची ताटातूट होते म्हणून विलाप करणारं. एकाच पक्ष्याने उर्दूत ऐट मिळवली आणि संस्कृतात विरह. मी दोन्ही तासांना त्याचा फोटो दाखवते.

जानेवारीपासून पाणी उतरायला लागतं. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात, आणि जिथे पेर नसते तिथे चिखल. त्या चिखलात पक्ष्यांचं खाणं असतं. पट्टेरी राजहंस, हिमालय ओलांडून आलेले, काठावरच्या पिकात चरतात. फेब्रुवारी-मार्चला रोहित दिसतात, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत आणि नाथसागरात फरक काय, असं मला एकाने विचारलं होतं. समुद्राच्या खाडीत भरती-ओहोटी रोज दोनदा होते, चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. आमच्याकडे भरती पावसाळ्यात आणि ओहोटी उन्हाळ्यात, वर्षातून एकदाच. पक्ष्यांना दोन्ही वेळापत्रकं तोंडपाठ आहेत.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं, म्हणजे जगाच्या महत्त्वाच्या पाणथळींत. त्याच वर्षी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएस यंत्रं बसवली. त्यांना नावं दिली गेली, त्यात एक सलीम आणि एक हुमायूं. हुमायूं म्हणजे हुमायूं अब्दुलअली, सलीम अलींच्याच घराण्यातले, १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्यामागचा मोठा हात, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून लढलेला माणूस. यंत्रांनी दाखवलं की ही पाखरं मुंबई आणि गुजरातच्या किनाऱ्यात ये-जा करतात. हुमायूं नावाचा पक्षी गुजरातला जातो, परत येतो आणि कुणी त्याला कागद विचारत नाही, हे वाचून आमच्या शिक्षकखोलीत बराच वेळ हशा चालला. त्या हसण्यात काय काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

पण पाखरांचंही सगळं सुखाचं नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ फ्लेमिंगोंचा थवा उतरणाऱ्या विमानावर आदळला आणि चाळीसच्या आसपास पक्षी मेले. शहर वाढतं, पाणथळ बुजते, आणि पक्ष्याला दोन बाजूंच्या मधून उडावं लागतं.

एक चूकही सांगायला हवी

भरतपूरच्या घाना पाणथळीला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तिथे म्हशी चारायला बंदी झाली. सलीम अलींचा बंदीला पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे सोसायटीच्याच शास्त्रज्ञांच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून दिसलं की म्हशी नसल्याने पाण्यात गवत माजलं आणि उलट पक्ष्यांनाच जागा राहिली नाही. म्हशी पाणी मोकळं ठेवत होत्या.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला मोठी माणसं एकतर फरिश्ते हवी असतात, नाहीतर सैतान. सलीम अली इथे चुकले. ती चूक दाखवली तीही त्यांच्याच संस्थेने, बघून, मोजून. नाथसागरच्या काठावर भोई, मेंढपाळ आणि गाळपेर करणारे शेतकरी यांना बाजूला सारून पक्षी वाचवू असं कुणी म्हणालं, की मला घानाच्या म्हशी आठवतात. या लोकांची जमीन एकदा धरणात गेली आहे. दुसऱ्यांदा त्यांनाच हलवणं हा न्याय होणार नाही.

पाहुणे येतात तेव्हा

आता शेवटची गोष्ट, जी माझ्या हजेरीपटावर आहे.

नाथसागरावर बदकं उतरतात, साधारण त्याच आठवड्यांत आमच्या तालुक्यातून माणसं निघतात. ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव पडलंय. ट्रकवर भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि पोरं. पोटाच्या या वाटेवर बहुतेक वंजारी बांधव असतात, पण दलित असतात, धनगर असतात, आमचेही काही असतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडतात. पाखरं उत्तरेला निघायला लागतात तेव्हा आमची मुलं वर्गात परततात.

विज्ञानाच्या पुस्तकात पक्ष्यांसाठी जो शब्द आहे तोच सरकारी तक्त्यात या मुलांसाठी आहे. स्थलांतरित.

सलीम अलींच्या देखरेखीखाली सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या. कडीवर नंबर, आणि सापडल्यास मुंबईला कळवा असा मजकूर. त्या कडीमुळे कुठला पक्षी कुठून आला हे कळलं. आमच्या मुलांना निघताना शिक्षण हमी कार्ड मिळतं. ज्या गावी जातील तिथल्या शाळेत ते दाखवायचं, की बसू द्यावं. ती त्यांच्या पायातली कडी. काही मुलं दाखवतात, काहींच्या कार्डाचं पुढे काय होतं ते मला कळत नाही.

मागच्या वर्षी माझ्या मराठीच्या वर्गातल्या एका मुलीला मी कार्डाबरोबर एक वीस पानी वही दिली. म्हटलं, फडात जे पाखरू दिसेल ते लिही, तारीख घाल. एप्रिलमध्ये ती परतली. वहीत अकरा नोंदी होत्या. तोडणीच्या मागे मागे चालणारे बगळे. पाचटात घरटं करणारी, नाव माहीत नसलेली बारीक चिमणी. खोपीच्या कुडावर बसणारा कोतवाल. ऊस पेटवला तेव्हा धुरात घिरट्या घालणाऱ्या घारी, आणि पुढे कंसात तिने लिहिलं होतं, उंदीर पळतात म्हणून येतात. एका नोंदीपुढे फक्त तारीख होती. विचारलं तर म्हणाली, "त्या दिवशी आई आजारी होती, मी लहान भावाला घेऊन बसले होते. तेव्हा साळुंकी बघितली. दुसरं काही नव्हतं लिहायला."

मी त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर त्या रिकाम्या ओळीत होतं. घरात दुखणं आहे, करता येण्यासारखं फार काही नाही, आणि समोर एक पाखरू आहे. मौलानाही असेच बसले होते, आपल्याच जिल्ह्यात, छताकडे बघत.

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. तो सुरू करण्यात आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता, २०१० मध्ये. त्या दिवशी आम्ही शाळेत पाण्याची भांडी टांगतो. मातीची, टांगायला सुतळी. या वर्षीही टांगू.

ती मुलगी यंदाही फडावर गेली आहे. जाताना मी नवी वही दिली, या वेळी शंभर पानी. हे लिहितेय तेव्हा फेब्रुवारी संपत आलाय, नाथसागरावर रोहित उतरलेत. म्हणजे फार तर महिना-दीड महिना. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी शाईने काही लिहिलेलं नाही. पेन्सिलने रेघ ओढून ठेवली आहे.